बालगृह सुरू करण्यापूर्वी: नोंदणी, नियम आणि आपली जबाबदारी

आपल्या वसई परिसरात एक विचारणा वरचेवर कानी येते. मुले परदेशी स्थायिक झाली, आईवडील थकले, वाडीतले प्रशस्त घर रिकामे झाले. अशा घरचे एखादे ज्येष्ठ दांपत्य धर्मग्रामाच्या फादरांना भेटून सांगते, "फादर, आमच्या पश्चात हे घर अनाथ मुलांसाठी वापरा." कधी एखादा महिला मंडळ गट चार-पाच निराधार मुलांना एकत्र ठेवून त्यांच्या जेवणाखाण्याची व शाळेची सोय करण्याचा विचार मांडतो. हेतू थोर आहे. याकोबाने आपल्या पत्रात अनाथांचा व विधवांचा समाचार घेणे हे खऱ्या धर्माचरणाचे लक्षण मानले आहे, आणि आपल्या ख्रिस्तसभेने शतकानुशतके हे कार्य केले आहे. तथापि आज आपल्या देशात केवळ जागा, पैसा व प्रेम यांच्या बळावर परक्या मुलांना निवासी ठेवता येत नाही. त्यासाठी कायद्याने नोंदणी आवश्यक केली आहे, आणि ती न करणे हा गुन्हा आहे. या विषयावर भाविकांत बराच गैरसमज असल्याने आम्ही येथे सविस्तर माहिती देत आहोत.

कायदा काय सांगतो?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 हा कायदा 15 जानेवारी 2016 पासून अमलात आला. त्याच्या कलम 41 प्रमाणे, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांना पूर्णतः वा अंशतः निवारा देणाऱ्या प्रत्येक संस्थेने नोंदणी केली पाहिजे. संस्था सरकारी असो वा खाजगी, तिला अनुदान मिळत असो वा नसो, त्याने फरक पडत नाही. "आम्ही सरकारकडून एक पैसाही घेत नाही, मग सरकारचा संबंध काय?" हा युक्तिवाद आम्ही स्वतः अनेकदा ऐकला आहे. कायद्याने तो स्पष्ट शब्दांत निकालात काढला आहे. कलम 42 अन्वये नोंदणी न करणाऱ्या संस्थेच्या चालकांस एक वर्षापर्यंत कारावास, किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आणि अर्ज करण्यास होणारा प्रत्येक तीस दिवसांचा विलंब हा स्वतंत्र गुन्हा धरला जातो. तामिळनाडूतील अनाथालयांत झालेल्या मुलांच्या शोषणासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे 2017 मध्ये निकाल देताना देशातील सर्व बालसंगोपन संस्थांची नोंदणी 31 डिसेंबर 2017 पूर्वी पूर्ण करावी, असा आदेश दिला होता.

येथे 'अनाथ' या शब्दाची व्याख्या ध्यानात घ्यावी. आईवडील दोघेही नसलेले मूल अनाथ, एवढाच अर्थ आपण घेतो. कायद्याच्या लेखी ज्याचा कायदेशीर पालक त्यास सांभाळण्यास राजी नाही किंवा असमर्थ आहे, ते मूलही अनाथच. त्याखेरीज रस्त्यावर राहणारी, बेपत्ता, मजुरीला जुंपलेली, छळ झालेली मुलेही 'काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके' या वर्गात मोडतात. डहाणू-तलासरी पट्ट्यात शाळेसाठी चालवली जाणारी वसतिगृहे मुळात शिक्षणसंस्थांची आहेत आणि तेथील मुलांचे आईवडील पाड्यावर असतात. परंतु अशा वसतिगृहात निराधार मुले ठेवली गेली, तर 'अंशतः' या एका शब्दाने ते वसतिगृहही नोंदणीच्या कक्षेत येते. व्यवस्थापकांनी याबाबत अंदाजावर न राहता जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून लेखी खुलासा घ्यावा.

अर्ज आणि पडताळणी

नोंदणीसाठी प्रथम संस्था कायदेशीर अस्तित्वात असावी लागते. म्हणजे ती नोंदणीकृत न्यास वा सोसायटी असावी. एकट्या व्यक्तीच्या नावाने बालगृह काढता येत नाही. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी यांच्या कार्यालयातून पुढे जातो. आपला वसई तालुका 1 ऑगस्ट 2014 पासून नव्या पालघर जिल्ह्यात असल्यामुळे आपले कार्यालय पालघरला आहे, ठाण्याला नव्हे. जुन्या फायली घेऊन ठाण्यास हेलपाटा घालणारे आजही भेटतात. राज्य पातळीवरील प्रमुख कार्यालय म्हणजे पुण्यातील महिला व बाल विकास आयुक्तालय.

अर्जासोबत संस्थेची घटना व नियमावली, विश्वस्तांची यादी, मागील तीन वर्षांचे ताळेबंद, समाजकार्याचा पूर्वेतिहास आणि जागेची कागदपत्रे द्यावी लागतात. याखेरीज एक महत्त्वाचे प्रतिज्ञापत्र असते. संस्थेशी संबंधित कोणाही व्यक्तीस पूर्वी शिक्षा झालेली नाही, बालकाच्या छळात वा बालमजुरीत तिचा हात नव्हता, असे त्यात नमूद करावे लागते. ही केवळ औपचारिकता समजू नये. स्वयंपाकी, रखवालदार, वाहनचालक यांचीही पोलिसांकडून पडताळणी करून घ्यावी. ओळखीचा आहे, दर रविवारी मिस्साला येतो, हा दाखला येथे पुरेसा नाही.

2021 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती 1 सप्टेंबर 2022 पासून लागू झाली. तीनुसार जिल्हाधिकाऱ्यांची भूमिका मोठी झाली असून संस्थेची क्षमता व पार्श्वभूमी तपासून त्यांनी शिफारस केल्यानंतरच नोंदणी होते. मूळ कायद्याप्रमाणे अर्ज मिळाल्यापासून एका महिन्यात तात्पुरती नोंदणी देण्याची तरतूद आहे व ती जास्तीत जास्त सहा महिने टिकते. कायम नोंदणी पाच वर्षांसाठी असते व दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. अर्जाची पोचपावती जपून ठेवावी. महिनाभरात उत्तर न आल्यास तीच तात्पुरत्या नोंदणीचा पुरावा ठरते.

जागा आणि माणसे

वाडीतले घर कितीही प्रशस्त वाटले, तरी नियमांच्या फूटपट्टीने मोजले की ते लहान ठरते. केंद्र शासनाच्या 2016 च्या आदर्श नियमांत पन्नास मुलांच्या संस्थेसाठी दिलेला तक्ता पाहा: पंचवीस मुलांच्या शयनगृहास 1000 चौरस फूट, म्हणजे एका मुलामागे 40 चौरस फूट, भोजनगृह 800, ग्रंथालय 500, समुपदेशनाची स्वतंत्र खोली, आजारी मुलांसाठी वेगळी खोली. सात मुलांमागे एक शौचालय आणि दहा मुलांमागे एक न्हाणीघर. असे सर्व धरून एकूण बांधकाम 8500 चौरस फुटांच्या आसपास जाते. पंधराशे चौरस फुटांच्या बंगल्यात फार झाले तर आठ-दहा मुलांची नीट सोय होईल. अर्ज करण्यापूर्वी महाराष्ट्राच्या 2018 च्या नियमांतील तरतुदी एखाद्या वास्तुविशारदासह वाचाव्यात, म्हणजे देणगी स्वीकारल्यानंतर पश्चात्तापाची वेळ येणार नाही.

जागेपेक्षाही कठीण गोष्ट म्हणजे माणसे. अधीक्षक, बालकल्याण अधिकारी, समुपदेशक, गृहमाता, स्वयंपाकी, बोलावताच येणारा डॉक्टर, अशी सर्व पदे भरावी लागतात. मुलींच्या संस्थेत प्रमुखासह सर्व कर्मचारी महिलाच असाव्या लागतात. पूर्वी दोन धर्मभगिनी पहाटेपासून रात्रीपर्यंत राबून चाळीस मुले वाढवीत. त्या त्यागाविषयी आमच्या मनात अपार आदर आहे. परंतु थकलेल्या दोन व्यक्तींच्या हाती चाळीस मुले असली, तर रात्री कोण जागे असते, हे विचारणे अनादर नव्हे. प्रत्येक मुलाची स्वतंत्र फाईल व वैयक्तिक संगोपन आराखडा ठेवावा लागतो. सहा वर्षांवरील मुले असलेल्या संस्थेत मुलांची स्वतःची समिती स्थापन करावी लागते. जेवण, खेळ, कर्मचाऱ्यांची वागणूक यांविषयी मुलांनी तेथे बोलावे, हा त्यामागचा उद्देश होय. आपल्या संस्थांत या समितीकडे कागदी सोपस्कार म्हणून पाहण्याची प्रवृत्ती दिसते आणि ती आम्हांस घातक वाटते, कारण दडपलेली तक्रार बाहेर येण्याचा तो बहुधा पहिला मार्ग असतो.

शासनाने नेमलेली तपासणी समिती दर तीन महिन्यांतून किमान एकदा येते. तीत तीनपेक्षा कमी सदस्य नसतात. त्यांपैकी एक महिला व एक वैद्यकीय अधिकारी असावा लागतो. चहापाणी करून नोंदवही पुढे करण्यापेक्षा मुलांना त्यांच्याशी मोकळेपणे बोलू द्यावे.

मूल येते कसे?

नोंदणी झाली म्हणून संस्थेने आपल्या मर्जीने मूल दाखल करून घ्यावे, असे नाही. प्रत्येक मूल बालकल्याण समितीच्या आदेशानेच ठेवता येते. अध्यक्ष व चार सदस्यांची ही समिती जिल्ह्यात न्यायपीठाप्रमाणे काम करते. मंदिराच्या पायरीवर, रेल्वे फलाटावर वा कॉन्व्हेंटच्या दारात मूल सापडले, तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत 1098 या बालक साहाय्य क्रमांकास, पोलिसांना, जिल्हा बाल संरक्षण कक्षास किंवा समितीस कळविणे हे सापडलेल्या व्यक्तीवर बंधनकारक आहे. न कळविणे हाही गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास वा दहा हजार रुपये दंड आहे. "दोन दिवस आम्हीच सांभाळतो, आई परत येईल" ही ममता समजू शकते, पण ती कायद्यात बसत नाही.

याहून नाजूक प्रसंग म्हणजे अविवाहित मातेचा. घाबरलेली मुलगी व तिचे पालक सिस्टरांकडे येतात, आणि कोणीतरी दयाळू गृहस्थ सुचवितो की अमुक दांपत्यास मूल नाही, बाळ त्यांनाच द्यावे, बोभाटा होणार नाही. असे कदापि करू नये. कार्यपद्धती डावलून दत्तक देणे-घेणे हा कलम 80 खाली तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा आहे, आणि त्यात पैशाचा व्यवहार झाला तर कलम 81 अन्वये पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. रुग्णालयाचा कर्मचारी गुंतलेला असल्यास तीन ते सात वर्षे. सन्मार्ग असा की मातेने समितीपुढे बाळ समर्पित करावे. त्यानंतर तिला विचार बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत मिळते. मुलाची ओळख उघड करण्यासही कायद्याने बंदी असल्यामुळे, घराण्याच्या अब्रूची जी भीती लोकांना गैरमार्गाकडे नेते, तिचे निवारण सरळ मार्गानेच अधिक चांगले होते.

आणखी एक मुद्दा आपल्या संस्थांना विशेष लागू आहे. दत्तक देण्याची मान्यता नसलेल्या बालगृहानेही आपल्याकडील अनाथ, सोडून दिलेल्या व समर्पित मुलांची माहिती देऊन त्यांना दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित करवून घेणे कलम 66 ने सक्तीचे केले आहे. तसे न केल्यास प्रत्येक प्रसंगी पन्नास हजार रुपये दंड होतो. 2015 साली नव्या मार्गदर्शक तत्त्वांत एकट्या व घटस्फोटित व्यक्तींना दत्तकाची मुभा आल्यावर मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या भगिनींनी सद्सद्विवेकबुद्धीस अनुसरून दत्तक देण्याचे काम सोडले. पुढे 2018 मध्ये रांची येथील त्यांच्या एका आश्रमाबाबत बाळांच्या विक्रीचा आरोप झाला, तेव्हा केंद्रीय मंत्रालयाने त्यांच्या देशभरातील आश्रमांच्या तपासणीचे आदेश राज्यांना दिले. आरोपांचा निवाडा करणे आमचे काम नाही. एका ठिकाणचा संशय शेकडो भगिनींच्या सेवेवर सावली टाकतो आणि त्या वेळी चोख कागदपत्रे हाच आधार असतो, एवढे मात्र त्या घटनेने दाखवून दिले.

ख्रिस्ती दांपत्यांसाठी हाच कायदा आशीर्वादही ठरला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नाही. पूर्वी हिंदूंना दत्तकाचा कायदा होता. आपल्याला मात्र 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली फक्त पालकत्व मिळत असे आणि मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने तेही संपे. बाल न्याय कायदा 2000 साली झाला, 2006 मध्ये त्यात सुधारणा झाली आणि ख्रिस्ती मातापित्यांनाही पूर्ण अर्थाने आपले म्हणता येईल असे दत्तक मूल मिळू लागले. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही धर्म कोणताही असो, या कायद्याखाली दत्तक घेण्याचा मार्ग खुला असल्याचे स्पष्ट केले.

श्रद्धेचा प्रश्न

बालगृहात येणारी बहुसंख्य मुले ख्रिस्ती नसतात. त्यांचा धर्म त्यांच्या घरचा असतो आणि तो तसाच राहू द्यावा. बाप्तिस्मा, धर्मशिक्षणाचा वर्ग, सक्तीची प्रार्थना यांना येथे जागा नाही. हे आम्ही केवळ कायद्याच्या भीतीने लिहीत नाही. 1559 साली पोर्तुगालच्या राजाने गोव्यातील हिंदू अनाथ मुलांना ताब्यात घेऊन सेंट पॉल महाविद्यालयात बाप्तिस्म्यासाठी सुपूर्त करण्याचा आदेश काढला होता. त्या अन्यायाची आठवण कोकणपट्टीत अजून पुसलेली नाही, आणि पोर्तुगीज अमलाखाली राहिलेल्या आपण वसईकरांनी तर ती विसरताच कामा नये. पोरक्या मुलाला स्वतःचे मत मांडण्याची ताकद नसते, म्हणूनच त्याच्या श्रद्धेला हात लावणे दुप्पट गैर आहे.

शिक्षेचा प्रश्नही असाच आहे. "छडीवाचून शिस्त नाही" असे मानणारे आपल्यात आहेत. बालसंगोपन संस्थेत मुलाला मारणे हा कलम 82 खाली गुन्हा आहे, आणि संस्थेच्या कर्मचाऱ्याने मुलाचा छळ केल्यास कलम 75 अन्वये पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी व पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. लैंगिक अत्याचाराबाबत 2012 चा पोक्सो कायदा अधिक कडक आहे. कळूनही न कळविणारा दोषी ठरतो आणि संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसास पाठीशी घातल्यास त्याला एक वर्षापर्यंत कारावास होतो. बिशप हाऊसला कळविले म्हणजे पोलिसांना कळविले असे होत नाही. दोन्ही ठिकाणी कळवावे.

संस्थेशिवाय दुसरी वाट

एवढे वाचून एखाद्या दात्याचा उत्साह मावळला असेल, तर ते काही अंशी इष्टच आहे असे आम्हांस वाटते. कायद्याच्या कलम 3 मधील तत्त्वांपैकी एक असे की मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा. बालगृहांतील पुष्कळ मुलांची आई किंवा वडील हयात असतात. वडील दारूत बुडालेले, आई चार घरची धुणीभांडी करणारी, भाड्याची खोली. अशा घरातून मूल गरिबीपायी संस्थेत येते. त्या आईला महिन्याकाठी हातभार मिळाला, तर मूल तिच्याच कुशीत वाढेल. मग आधी इमारत की आधी ती आई?

त्यासाठी मार्ग आहेत. राज्य शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना एक पालक गमावलेल्या वा संकटात सापडलेल्या कुटुंबातील मुलांसाठी आहे. 2023 मध्ये तिची रक्कम वाढवून दरमहा 2250 रुपये करण्यात आली. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत 2022 च्या सूचनांनुसार प्रायोजकत्वापोटी एका मुलामागे दरमहा 4000 रुपयांची तरतूद असून ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्न 72,000 व अन्यत्र 96,000 रुपयांच्या आत असावे लागते. दोन्हींचे अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जातात. आपल्या धर्मग्रामांतील किती विधवा भगिनींना याची कल्पना आहे? मृत्यूचा दाखला, शाळेचा दाखला, आधार, बँक खाते, एवढी कागदपत्रे जमवून फॉर्म भरून देण्याचे काम संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचा कोणताही कार्यकर्ता करू शकतो. त्याला नोंदणी लागत नाही.

ज्यांना स्वतः मूल सांभाळायचे आहे, त्यांच्यासाठी प्रतिपालक कुटुंबाची तरतूद कलम 44 मध्ये आहे. समिती घरभेट घेते, उत्पन्न, आरोग्य व स्वभाव पाहते आणि मगच मूल ठरावीक काळासाठी त्या घरी देते. 2024 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी वैवाहिक स्थितीची अट शिथिल केली. एकटी स्त्री मुलगा वा मुलगी कोणाचाही सांभाळ करू शकते, एकट्या पुरुषास मात्र मुलगाच देता येतो. दोन वर्षांनी त्याच मुलास दत्तक घेण्याचीही सोय त्यांत आहे. येथेही फायली, भेटी, अहवाल हे सारे आहेच. प्रतिपालक पित्यांचा आश्रयदाता संत योसेफ गरोदर मरियेस सोबत घेऊन नावनोंदणीसाठी नाझरेथहून बेथलेहेमपर्यंत चालत गेला होता. पालघरचा रस्ता त्यापेक्षा पुष्कळच जवळचा आहे.

ज्यांनी सर्व विचारान्ती बालगृहच काढण्याचे ठरविले असेल, त्यांनी घर दान देण्याच्या मृत्युपत्रात 'अनाथाश्रमासाठीच' अशी ताठर अट घालू नये. नोंदणी मिळाली नाही तर ती वास्तू वर्षानुवर्षे कुलूपबंद राहते. 'बालकांच्या हितासाठी' असे व्यापक शब्द वकिलाकडून घालून घ्यावेत. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी पुरेसा अवधी ठेवून नूतनीकरणाचा अर्ज करावा, कारण नोंदणी रद्द झाली वा खंडित झाली तर संस्थेचे व्यवस्थापन राज्य शासनाकडे जाऊ शकते आणि मुलांना दुसऱ्या जिल्ह्यातील संस्थेत हलविले जाण्याचा संभव असतो. तसेच अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींच्या पुढील निवासाचा व रोजगाराचा विचार पहिल्याच वर्षी करावा. कलम 46 अन्वये अनुरक्षणासाठी शासनाचे आर्थिक साहाय्य मिळू शकते, परंतु वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी ते मूल कोठे झोपणार, हे संस्थेला आधीच ठाऊक असले पाहिजे.